बाबाजींच्या गोष्टी कशा वाचायच्या आणि द्रोणगिरीला जायचंच असेल तर कसं जायचं

काही महिन्यांपूर्वी भाच्याचा बंगलोरहून फोन आला, मावशी मी महिनाभर सुट्टी टाकतोय, हिमालयात जाऊन महावतार बाबाजींना शोधणार आहे. बाबाजी म्हणजे शेकडो वर्षं हिमालयात देहाने आहेत असं मानतात ते योगी. कुठल्यातरी रील्स पाह्यल्या होत्या त्याने, त्यात एक माणूस सांगत होता की अमुक अमावस्येला तमुक गुहेत बसलात तर बाबाजी स्वतः येतात. मी त्याला म्हटलं तिकीट काढ पण चार महिन्यांनंतरचं काढ, आणि तोपर्यंत मी सांगते तेवढं कर. मग त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर तुकड्या तुकड्यात जे लिहून पाठवलं तेच इथे एकत्र करून टाकतेय, कारण हा प्रश्न मला इंदूरात सुद्धा दर दोन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच, जास्त करून तिशीतली मुलं मुली, आणि ती खरंच तळमळीने विचारतात.

आधी मी कुठून बोलतेय ते सांगते. आमचं घर दत्ताचं. इंदूरच्या मराठी घरांमध्ये दत्त किती मुरलेला आहे हे इथल्यांना सांगायला नको, इथले दत्तभक्त संत नाना महाराज तराणेकरांमुळे तर कितीतरी घरांत आजही त्रिपदी, म्हणजे दत्ताची प्रार्थना, म्हटली जाते. आमचे अण्णा दर वर्षी दत्तजयंतीच्या आधी गुरुचरित्राचा सप्ताह करायचे आणि त्या सात दिवसांत दारात भिकारी आला, फकीर आला, कुत्रं आलं तरी त्याला रिकामं जाऊ द्यायचं नाही अशी सक्त ताकीद असायची, काय सांगावं कोण कुठल्या रूपात आलाय. त्यामुळे शेकडो वर्षं देह टिकवून असलेला, मनात येईल तेव्हा प्रकट होणारा, साधकाला नेमक्या वेळी नेमकं सांगून निघून जाणारा गुरु ही कल्पना मला परकी कधी वाटलीच नाही. आपल्याकडे लहानपणापासून अश्वत्थामा बलिर्व्यासो म्हणतोच की आपण, सात चिरंजीव. आणि नर्मदेकाठच्या लोकांना तर अश्वत्थामा घरचाच, परिक्रमेत शूलपाणीच्या झाडीत वाट चुकलेल्याला एक उंच म्हातारा वाट दाखवतो आणि वळून पाह्यलं तर नसतो, ही गोष्ट प्रत्येक परिक्रमावासीयाने ऐकलेली असते. खंडवा-बुऱ्हाणपूर रस्त्यावर असीरगड लागतो तिथल्या शिवमंदिरात तो पहाटे फूल वाहून जातो असं गावातले लोक आजही सांगतात.

तर पहिलं काम, मूळ गोष्ट मुळातून वाचा. रील्स नाही, फॉरवर्ड नाही, कोणाचा पॉडकास्ट नाही. आज जगभर बाबाजींबद्दल जे काही बोललं जातं त्यातलं निम्म्याहून जास्त एका पुस्तकातून आलंय, अमेरिकेत योग शिकवायला गेलेले बंगाली संन्यासी परमहंस योगानंद, त्यांचं आत्मचरित्र, मूळ इंग्रजी १९४६ साली आलं आणि मराठीत योगी कथामृत नावाने मिळतं. जाडजूड आहे पण घाबरू नका, बाबाजींसाठी आधी ३३ आणि ३४ ही दोन प्रकरणं वाचा, मग ३६ आणि ३७. एका बैठकीत नाही, रोज थोडं, आणि शक्य असेल तर मोठ्याने, घरात कोणी ऐकणारं असेल तर फारच छान. मी आईला वाचून दाखवलं होतं, तिने मधेच असे प्रश्न विचारले की मला एकटीला वाचताना सुचलेच नसते.

दुसरं काम, एक साधी वही घ्या आणि प्रत्येक गोष्टीसाठी तीन रकाने पाडा. पहिला, प्रत्यक्ष कोणी पाह्यलं. दुसरा, त्याने कोणाला सांगितलं आणि लिहिलं कधी गेलं. तिसरा, शेवटी बाबाजींनी त्या माणसाला काय काम दिलं. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आहे, तो का ते पुढे सांगते, आधी भरायचा कसा ते बघा.

सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट घेऊ. श्यामाचरण लाहिरी, ज्यांना लाहिरी महाशय म्हणतात, जन्म १८२८, बंगालमधल्या नदिया जिल्ह्यातले. साधू वगैरे नव्हेत, लष्कराच्या बांधकाम खात्यात हिशेबनीस, बायकोमुलं असलेले गृहस्थ. १८६१ साली दानापूरला असताना अचानक तार येते की तुमची बदली रानीखेतला. तेव्हा तिकडे रेल्वे वगैरे नाही, घोडागाडीने महिनाभराचा प्रवास. तिथे एक दिवस दुपारी द्रोणगिरीच्या डोंगरात फिरताना कोणीतरी लांबून नावाने हाक मारतं. वर चढून गेले तर एक तरुण हसत उभा, बराचसा स्वतःसारखाच दिसणारा, गुहेत नेतो, एक घोंगडी दाखवतो आणि विचारतो हे आसन ओळखतोस का. लाहिरींना काही आठवत नाही, उलट ते म्हणतात मला अंधाराच्या आत परत जायचंय, सकाळी ऑफिस आहे. मला ही ओळ फार आवडते, समोर युगायुगांचा गुरु उभा आहे आणि ह्यांना सकाळच्या ऑफिसची काळजी. त्यावर बाबाजी म्हणतात की ऑफिस तुझ्यासाठी इथे आणलं गेलं, तुला ऑफिससाठी नाही आणलं. मग कपाळावर हात ठेवतात आणि मागचा जन्म आठवतो, ही गुहा, ती घोंगडी, सगळं. त्या रात्री एक तेल प्यायला देऊन नदीकाठी गारठ्यात पडून राहायला सांगतात, आणि नंतर डोंगरात झळाळणारा सोन्याचा महाल उभा राहतो, तिथे दीक्षा होते. महाल का, तर मागच्या जन्मी लाहिरींच्या मनात राजवाड्याच्या सुखाची एक इच्छा राहून गेली होती म्हणे, ती फेडून टाकण्यासाठी.

आता वही. पहिला रकाना, लाहिरी महाशय. दुसरा, त्यांनी शिष्यांना सांगितलं, त्यातले एक स्वामी केवलानंद, जे योगानंदांचे लहानपणचे संस्कृतचे शिक्षक, त्यांनी योगानंदांना सांगितलं आणि छापून आलं १९४६ ला, म्हणजे मधे ८५ वर्षं आणि दोन माणसं. हे लिहिल्याने गोष्ट खोटी होत नाही, पण तुम्ही नेमक्या कशावर विश्वास ठेवताय ते तुम्हाला कळतं. तुम्ही महालावर विश्वास ठेवत नाही आहात, तुम्ही लाहिरी महाशय नावाच्या माणसाच्या शब्दावर ठेवताय. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो, हा माणूस कसा होता. तो काशीत राह्यला, १८८६ ला पेन्शनवर निघेपर्यंत नोकरी केली, संसार केला, हिंदूंना दीक्षा दिली तशी मुसलमानांनाही दिली, स्वतःभोवती मोठी संस्था उभी राहू दिली नाही, १८९५ ला गेला. माझं मत विचाराल तर अशा माणसाच्या शब्दाला माझ्याकडे वजन आहे.

आणि तिसरा रकाना. दीक्षेनंतर लाहिरी म्हणतात मला आता सोडून जायचं नाही, इथेच ठेवून घ्या. बाबाजी म्हणतात नाही, परत जा, संसारात राहूनच लोकांना दाखव की घरदार सांभाळून योग होतो. एवढंच नाही, क्रियायोग, म्हणजे दीक्षेत मिळालेली ती ध्यानाची पद्धत, आधी फक्त सर्वसंगपरित्याग केलेल्यांनाच द्यायचा असा नियम होता, तो लाहिरींनी विनंती करून सैल करून घेतला, खरी तळमळ असेल त्या कोणालाही द्यायची परवानगी मिळवली, आणि बाबाजींनी गीतेतला श्लोक म्हटला, स्वल्पमप्यस्य धर्मस्य त्रायते महतो भयात्, दुसऱ्या अध्यायातला ४०वा. म्हणजे थोडंसं केलं तरी मोठ्या भयातून सुटका. तर तिसऱ्या रकान्यात लिहा, घरी परत जा.

भाच्याने हे वाचून मेसेज केला, मावशी मग लोक तिकडे जाऊन बसायला का बघतात. मी म्हटलं तू पुढच्या गोष्टी भर मग बोलू.

पुढची, १८९४ चा जानेवारी, अलाहाबादचा कुंभ. योगानंदांचे गुरु श्रीयुक्तेश्वर, तेव्हा ते अजून स्वामी झालेले नाहीत, मेळ्यात फिरताना मनात वैतागलेले आहेत, नुसता गोंगाट आणि भिकारी, ह्यापेक्षा पश्चिमेतले शास्त्रज्ञ बरे, निदान काहीतरी उपयोगाचं करतात. तेवढ्यात एक संन्यासी येऊन सांगतो तुम्हाला एका संताने बोलावलंय. झाडाखाली बाबाजी बसलेले, हे ओळखत नाहीत. बाबाजी विचारतात मेळा कसा वाटला, आणि मग सांगतात की काही लोकांवरून सगळ्यांना दोष देऊ नका, जगात साखर आणि वाळू मिसळलेली आहे, मुंगीसारखं व्हा, तेवढी साखर वेचा. तिसऱ्या रकान्यात काय, तर एक छोटं पुस्तक लिहा, सगळ्या धर्मग्रंथांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे ते दाखवणारं. ते त्यांनी लिहिलंही, कैवल्यदर्शनम्. आणि पुढे तुमच्याकडे एक मुलगा पाठवीन त्याला पश्चिमेसाठी तयार करा. तो मुलगा म्हणजे योगानंद. त्यांची स्वतःची भेट २५ जुलै १९२० ची, कलकत्त्याच्या गारपार रोडवरच्या घरात, अमेरिकेला जायच्या आधी मन डगमगत होतं म्हणून सकाळपासून प्रार्थना करत बसलेले, दारावर टकटक झाली. तिथेही तेच, धीर दिला, जा म्हणाले, आणि निघून गेले. ह्या गोष्टीत मधली माणसं शून्य, पाहणारा आणि लिहिणारा एकच. २५ जुलै हा दिवस म्हणूनच बाबाजींचा स्मृतिदिन म्हणून पाळतात.

एक गोष्ट अशी आहे की ती वाचताना फार सांभाळा. एक साधक महिनोन्महिने डोंगर पालथे घालून बाबाजींपर्यंत पोचतो, मला शिष्य करा नाहीतर मी कड्यावरून उडी मारतो म्हणतो, बाबाजी म्हणतात मार, आणि तो मारतो. मग त्याचा देह वर आणवून बाबाजी त्याला उठवतात. ही गोष्ट सांगणारे पुष्कळ लोक भक्ती किती असावी ह्याचं उदाहरण म्हणून सांगतात, मला ते बिलकुल पटत नाही. ती त्या एकाच माणसाची, त्या एकाच क्षणाची गोष्ट म्हणून सांगितली आहे, आपल्यासाठी नियम म्हणून नाही. तुम्ही किंवा तुमच्या ओळखीतलं कोणी मनाने खचलेलं असेल आणि अशा गोष्टीत ओढलं जात असेल तर गुहा बिहा राहू द्या, आधी घरच्यांशी आणि डॉक्टरांशी बोला. हे मी अगदी मनापासून सांगतेय.

आणि मुरादाबादची गोष्ट वगळू नका, ती छोटी आहे म्हणून लोक वगळतात. लाहिरी परत येताना मुरादाबादला मित्रांकडे थांबले, तिथे कोणी म्हणालं आजकाल असे संत राह्यले नाहीत. हे जोशात म्हणाले मी आत्ता बोलावून दाखवतो. बंद खोलीत बसून हाक मारली, बाबाजी आले, आणि रागावले, अशा फालतू कारणासाठी बोलावलंस, कुतूहल असणाऱ्यांची हौस भागवायला. मित्रांनी पाह्यलं, स्पर्श केला, बाबाजींनी त्यांच्याबरोबर शिरा सुद्धा खाल्ला, पण जाताना सांगून गेले की ह्यापुढे तू हाक मारशील तेव्हा नाही, तुला गरज असेल तेव्हा येईन. तिसऱ्या रकान्यात इथे काम नाही, एक बंदी आहे. जो कोणी तुम्हाला सांगतो की मी बाबाजींना बोलावून देतो, त्याला ही गोष्ट दाखवा.

आता वय. सगळ्यात जास्त चर्चा ह्यावरच होते, पाचशे वर्षं की दोन हजार वर्षं. योगानंदांनी जन्माचं साल दिलेलंच नाही, गाव नाही, आईवडील नाहीत. दिसायला पंचविशीचे, गोरे, तांबूस केस, कुठलीही भाषा बोलतात पण जास्त करून हिंदी, आणि निघायचं झालं की शिष्यांना म्हणतात डेरा डंडा उठाओ. आपल्या इंदुरी कानाला हे अगदी घरचं वाटतं. साल सांगणारी परंपरा वेगळी आहे, ती तमिळनाडूकडची, विसाव्या शतकाच्या मध्यात रमैया आणि नीलकंठन ह्यांच्यापासून सुरू झालेली, त्यात बाबाजींचा जन्म इ.स. २०३, परंगीपेट्टै गावी, नाव नागराज, आणि गुरु म्हणून बोगनाथर आणि अगस्त्य. तिसरी एक, रानीखेतच्याच भागात, उत्तराखंडच्या कुमाऊंत, हैड़ाखानला १९७० साली एक तरुण बाबा प्रकट झाले, १९८४ ला देह ठेवला, त्यांच्या भक्तांसाठी तेच बाबाजी. ह्या तीन गोष्टी एकमेकींत कालवू नका, वहीत तीन वेगळी पानं करा. एकाच व्हिडिओत २०३ चा जन्म, सोन्याचा महाल आणि हैड़ाखानचा फोटो असं सगळं असेल तर तो बनवणाऱ्याने मूळ काहीच वाचलेलं नाही हे समजून घ्या आणि पुढे सरका. कोण खरं म्हणून भांडत बसू नका, त्या त्या माणसांची श्रद्धा आहे ती.

वयाबद्दल माझं उत्तर मराठी माणसाला एका नावात कळेल. चांगदेव. चौदाशे वर्षं योगबळाने काळाला चुकवून जगले, वाघावर बसून हातात सापाचा चाबूक घेऊन ज्ञानेश्वरांना भेटायला निघाले, त्याआधी पत्र पाठवायचं ठरवलं तर वयाने मोठा कोण, ज्ञानाने मोठा कोण, आशीर्वाद लिहू की नमस्कार, काही ठरेना, म्हणून कोराच कागद पाठवला. आणि छोटी मुक्ताई म्हणाली, चौदाशे वर्षं जगून हा कोराच राह्यला. मग ज्ञानदेवांनी ६५ ओव्यांची चांगदेव पासष्टी लिहिली आणि शेवटी त्या म्हाताऱ्याने त्या लहान मुलीलाच गुरु केलं. म्हणजे नुसतं न मरणं ह्याला आपल्याकडे काडीची किंमत दिलेली नाही. पतंजलींनी सुद्धा सिद्धींना समाधीतले अडथळेच म्हटलंय. त्यामुळे बाबाजी किती वर्षांचे हा प्रश्न मी कधीच सोडून दिला, ते साधकाचं काय करतात हाच प्रश्न धरला, आणि म्हणून तो तिसरा रकाना.

आता फसवणुकीचं. मी स्वतः फसलेली आहे म्हणून लिहिते. बऱ्याच वर्षांपूर्वी इंदूरातच एका हॉलमध्ये दोन दिवसांचं शिबिर होतं, बाबाजींकडून थेट दीक्षा असं सांगून, फी साडेअकरा हजार, अण्णा नुकतेच गेले होते आणि मला काहीतरी धरायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुढच्या पातळीसाठी आणखी पंचवीस हजार मागितले आणि वर सांगितलं की घरी कोणाला बोलू नका, ऊर्जा कमी होते. मी उठून आले पण नंतर कितीतरी दिवस मलाच अपराधी वाटत होतं, जणू माझीच श्रद्धा कमी पडली. म्हणून खुणा सांगते. आमच्या बाबाजींशी थेट कॉन्टॅक्ट आहे असं स्वतःच्या तोंडाने सांगणं, पातळ्या पातळ्यांनी वाढत जाणारी फी, घरच्यांपासून लपवायला सांगणं, चालू औषधं बंद करायला सांगणं, आणि अमुक तारखेला दर्शनाची गॅरंटी. ह्यातली एक जरी दिसली तरी उठा. शिबिराचा खर्च म्हणून पैसे घेणं चूक नाही, राहणं जेवण लागतंच, पण वाढत्या पैशांना वाढतं दर्शन असं गणित कुठल्याच मूळ गोष्टीत नाही.

तिसरं काम म्हणजे बसणं. वाचणं झालं, वही झाली, तरी बसायचं राहतंच. क्रियायोगाची जी खास पद्धत आहे ती दीक्षेने मिळते, व्हिडिओ पाहून करायची नसते, आणि ज्या परंपरा ती देतात त्या आधी तयारी करून घेतात, योगानंदांच्या योगदा संस्थेचे पाठ घरी येतात आणि ते बरेच महिने करून मग क्रियेसाठी अर्ज करता येतो. तोवर काय? तोवर पतंजलींचा क्रियायोग आहेच, दुसऱ्या पादाचं पहिलंच सूत्र, तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान. आता हे रोजच्या आयुष्यात उतरवायचं तर सकाळी एकच ठरलेली वेळ, एकच जागा, वीस मिनिटं ताठ बसून श्वासाकडे नुसतं लक्ष, श्वास कोंडायचा नाही ओढायचा नाही, मग एक पान वाचन, आणि जो काही देव घरात आहे त्याचं नाव. मी दिगंबरा दिगंबरा श्रीपाद वल्लभ दिगंबरा म्हणते, तुम्ही राम म्हणा. बीपी, हार्ट किंवा दम्याचा त्रास असेल तर कुंभकाचे, म्हणजे श्वास रोखून धरायचे, प्रयोग अजिबात नकोत. हे शंभर दिवस न चुकता झालं तर द्रोणगिरीला जाण्यात अर्थ आहे, कारण तिथे गुहेत बसल्यावर तुम्ही घरून जे घेऊन जाल तेच असणार आहे, आणि ज्याला घरी वीस मिनिटं बसवत नाही त्याला तिथे पाच मिनिटांत मोबाईल आठवतो.

जाण्याआधी एक दिवस ओंकारेश्वर करा. इंदूरहून ऐंशी किलोमीटरच्या आसपास, सिमरोल, बडवाह, मोरटक्का करत, पहाटे निघालात तर गर्दीच्या आधी पोचाल. तिथे गोविंदपादांची गुफा आहे, आदि शंकराचार्यांना गुरु भेटले ती, म्हणजे केरळातून एक पोर चालत नर्मदेपर्यंत आलं गुरूसाठी. योगानंदांच्या पुस्तकात बाबाजींनी शंकराचार्यांना क्रिया दिली असंही येतं, पण ती भेट काशीतली म्हणून सांगितली आहे आणि शंकराचार्यांचे परंपरेने मानलेले गुरु हे गोविंदपादच, तर तिथे जाऊन बाबाजींची गुफा म्हणून हात जोडू नका, गोविंदपादांचीच म्हणून जोडा. मी तिथे जायला का सांगते, तर गुफेत शांत बसण्याची सवय होते, आणि ही आपल्या घराजवळची जागा आहे.

आता द्रोणगिरी, म्हणजे तिकडे दुनागिरी म्हणतात. उत्तराखंड, अल्मोडा जिल्हा, द्वाराहाटजवळ. इंदूरहून आधी दिल्ली, माळवा एक्सप्रेस किंवा इंटरसिटी, दिल्लीहून रात्रीची रानीखेत एक्सप्रेस पकडली की पहाटे काठगोदाम, तिथे रेल्वे संपते. पुढे टॅक्सी किंवा शेअर जीप, रानीखेतपर्यंत ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर घाटाचे, तिथून द्वाराहाट पस्तीसेक. घाट लागतो त्यांनी गोळी आधीच घ्या. द्वाराहाटला मुक्काम करा, योगदाचा आश्रम आहे, हॉटेलं आहेत, कत्यूरी राजांच्या काळातली जुनी दगडी देवळं आहेत ती संध्याकाळी पायी बघून होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी दुनागिरी देवीचं दर्शन, पायऱ्या पुष्कळ आहेत, हळूहळू चढा. हनुमान द्रोणगिरी उचलून नेताना त्याचा एक तुकडा इथे पडला असं तिथले लोक मानतात, म्हणजे बघा पुन्हा एक चिरंजीव. मग पुढे कुकुचिना, द्वाराहाटपासून वीसेक किलोमीटर, तिथून गाडी रस्ता संपल्यावर पायवाटेने गुहा, लाहिरींना बाबाजी भेटले म्हणतात ती. जंगल आहे, बांज आणि बुरांसची झाडं, चढ आहे पण धडधाकट माणसाला तासाभराचा, गुडघे दुखत असतील तर काठी आणि जास्त वेळ धरा. गुहा दिवसा ठरावीक वेळच उघडी असते म्हणून आदल्या दिवशी द्वाराहाटला विचारून ठेवा. त्याच डोंगरावर अजून वर पांडुखोली आहे, पांडव अज्ञातवासात राह्यले म्हणतात ती, वेळ असेल तर जा.

सीझन मार्च ते जूनची सुरुवात किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. २५ जुलैला जायची पुष्कळांची इच्छा असते पण भर पावसात कुमाऊंत दरडी कोसळतात, रस्ते दोन-दोन दिवस बंद, म्हाताऱ्या माणसांना घेऊन त्या वेळी नकाच जाऊ. तो दिवस घरी बसून पाळलात तरी चालतो, ते ३७वं प्रकरण त्या दिवशी वाचा. बरोबर काय, तर चांगले पकडीचे बूट, एक स्वेटर उन्हाळ्यात सुद्धा, पाणी, थोडे चणे-गूळ, टॉर्च, आणि बसायला छोटी घोंगडी. नेटवर्क मधेमधे जातं म्हणून घरी आधीच सांगून ठेवा की संध्याकाळपर्यंत फोन लागणार नाही.

गुहेत गेल्यावर काय करायचं हे भाच्याने मला तीनदा विचारलं. काही करायचं नाही. जागा लहान आहे, बाहेर माणसं थांबलेली असतात, तर आपलं आसन टाकायचं, रोज घरी बसता तसंच बसायचं. फोटो काढायचे नाहीत, उदबत्ती फुलं घेऊन जायची नाहीत, दगड खिशात घालून आणायचा नाही. मोठ्याने मंत्र म्हणायचा नाही कारण शेजारी बसलेला कदाचित आयुष्यभराची वाट बघून आलेला असतो. आणि मागणं? मी तर मागून आले होते, खोटं कशाला बोलू, अण्णांसाठी मागितलं होतं. पण लाहिरी महाशय जे सांगायचे ते लक्षात ठेवा, बाबाजींचं नाव आदराने घेतलं की लगेच आशीर्वाद मिळतो, आणि ते गुहेतच घ्यायला हवं अशी अट त्यांनी घातलेली नाही.

शेवटचं काम परतीच्या गाडीतलं आहे आणि ते नक्की करा. वही काढा आणि स्वतःची गोष्ट लिहा, तेच तीन रकाने, आणि ती उज्जैन यायच्या आत लिहून संपवा. कारण घरी पोचलात की सासूबाई, शेजारच्या काकू, ऑफिसमधले, सगळे विचारणार काय दिसलं काय जाणवलं, आणि त्यांच्या डोळ्यांतली आशा बघून आपण एक शब्द वाढवतो, पुढच्याला सांगताना आणखी एक, आणि महिन्याभरात आपल्यालाच आठवत नाही खरं किती होतं. मी स्वतः ऑक्टोबरात गेले होते, गाडीत बसून लिहिलेलं पान अजून आहे माझ्याकडे. पहिल्या रकान्यात, गुहेत चाळीस मिनिटं, गार, आत अंधार, बाहेर कुठला तरी पक्षी सारखा ओरडत होता, श्वास कधी नव्हे इतका शांत, कोणी दिसलं नाही. दुसऱ्यात, अजून कोणाला सांगितलेलं नाही. तिसऱ्या रकान्यासाठी मी पेन हातात घेऊन बराच वेळ बसले होते, देवास गेलं, मग इंदूरचे दिवे दिसायला लागले आणि आईचा मेसेज आला की डोळ्यांचे थेंब संपलेत येताना घेऊन ये, तेच लिहिलं तिथे.

भाच्याचं तिकीट मार्चच्या तिसऱ्या आठवड्याचं निघालंय, बासष्ट दिवस बसून झालेत त्याचे, मधे दोन चुकले ते त्याने परत पहिल्यापासून मोजले.